कॉफरडॅममध्ये उतरताना

खाडीवरच्या पुलाच्या कामावर पहिल्यांदा कॉफरडॅममध्ये, म्हणजे पायाचं काम कोरड्यात करता यावं म्हणून भोवती पत्रे ठोकून पाणी उपसलेल्या घेरात, उतरलो, तेव्हा बाहेर भरती लागली होती. पत्र्यापलीकडे पाच मीटर पाणी, म्हणजे तळाशी दर चौरस मीटरला 5 टन दाब. तो पेलायला आतून आडवे गर्डर.

शीटपाइलच्या, म्हणजे एकमेकांत अडकवून ठोकलेल्या या पत्र्यांच्या, सांध्यांतून पाणी झिरपतंच. आमचे मुकादम बाहेरून सांध्यालगत लाकडाचा भुसा सोडायचे. पाणीच तो फटीत ओढून न्यायचं आणि बघता बघता धार बारीक व्हायची.

मला खरी धास्ती तळाची. खालून वर येणाऱ्या पाण्यानं तिथली वाळू खदखदायला लागली, की आधी माणसं वर काढायची, पंप बंद करायचे आणि पाणी आत घ्यायचं. एकदा आम्ही तेच केलं. दोन दिवस गेले, बोलणीही खाल्ली. आजही तेच करीन.