तीन खोकी

देहविक्री करणाऱ्या बायकांना सर्वेक्षणात समोरासमोर विचारलं, 'गेल्या वेळी निरोध वापरला होता का?', की उत्तर ठरलेलं: 'हो ताई, नेहमीच.' म्हणून आज मतदानाची पद्धत. पुठ्ठ्याच्या आडोशामागे प्रत्येकीपुढे तीन खोकी: हिरवं 'हो', लाल 'नाही', पांढरं 'लागू नाही'. मी प्रश्न मोठ्याने वाचायचा, त्यांनी त्या नंबरचं कार्ड टाकायचं. नाव कुठेच नाही. (कर्नाटकात एचआयव्ही प्रतिबंधाच्या कामात ही पद्धत बरीच वापरली गेलीय.) तोटा एवढाच, की हाती फक्त गटाची बेरीज येते, एकीची दोन उत्तरं जोडता येत नाहीत.

पाचव्या प्रश्नाला एक मावशी आडोशावरून डोकावल्या. "पोरी, गिऱ्हाईक डबल पैसे देतो म्हणाला, तर कुठल्या खोक्यात टाकू?"

सगळ्या खो खो हसल्या. मी प्रश्नावलीच्या कडेला पेन्सिलने लिहून घेतलं.