पुण्याच्या गच्चीवरून अवकाश स्थानक पाहताना

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक नुसत्या डोळ्यांनी दिसते हे अनेकांना ठाऊक असते. ते हमखास पाहायचे असेल, तर मात्र त्याचे वेळापत्रक नीट वाचता यावे लागते. ‘हेवन्स अबव्ह’ या संकेतस्थळावर पुणे निवडले की येत्या दिवसांतील फेऱ्यांची यादी मिळते. त्यात मी वेळ पाहण्याआधी कमाल उन्नतांश, म्हणजे स्थानकाची क्षितिजापासूनची अंशांतली सर्वाधिक उंची, पाहतो. क्षितिजापासून १० अंशांवर असलेले स्थानक आपल्यापासून सुमारे १५०० किलोमीटर दूर असते आणि डोक्यावर आले की तेच अंतर ४०० किलोमीटरच्या आसपास येते. शिवाय शहरातल्या इमारती आणि धुरकट उजेड आहेतच, त्यामुळे ४० अंशांखालच्या फेऱ्या मी सरळ सोडून देतो. हात लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंश व्यापते, एवढे मोजमाप गच्चीवर पुरते.

स्थानक चमकते ते सूर्यप्रकाशाने. म्हणजे आपल्याकडे अंधार आणि तिकडे वर अजून ऊन, अशी स्थिती हवी, आणि ती आपल्या अक्षांशावर सूर्यास्तानंतर किंवा सूर्योदयापूर्वी दीड-दोन तासच मिळते. त्यातच कक्षेचे प्रतल, म्हणजे कक्षा ज्या सपाटीत आहे ती सपाटी, रोज थोडे सरकत असल्याने काही संध्याकाळी लागोपाठ दर्शन घडते, मग फेऱ्या पहाटेवर जातात, तर कधी यादी रिकामीच राहते. पावसाळ्यात तर विचारायलाच नको : २०२५ च्या जून-जुलैत भारतीय अंतराळवीर शुभांशू शुक्ला स्थानकावर होते, तेव्हा आमच्या डोक्यावर आषाढाचे ढग होते.

आकाश निरभ्र असले की नैऋत्येकडून किंवा वायव्येकडून एक पांढरट ठिपका वर चढू लागतो. विमानासारखे लाल-हिरवे दिवे नाहीत, उघडझाप नाही, आवाज नाही. ताशी सुमारे २७,६०० किलोमीटर वेगाने जाणारी ही वस्तू सारे आकाश पाच-सहा मिनिटांत ओलांडते आणि चांगल्या फेरीत शुक्राशी बरोबरी करते. मला सर्वांत आवडतो तो तिचा शेवट. संध्याकाळी स्थानक पूर्वेकडे उतरत असताना भूछायेत शिरते, काही क्षण तांबूस होते आणि समोर ढग किंवा इमारत काहीही नसताना दिसेनासे होते. पहाटे हाच क्रम उलटतो, म्हणून तेव्हा पश्चिम क्षितिजाकडे डोळे लावून बसण्यापेक्षा यादीतील सुरुवातीचा उन्नतांश पाहून तेथेच नजर ठेवावी. तो ६० अंश असेल, तर स्थानक एकदम तेवढ्या उंचीवरच उजळते.