घोडा कधी येणार?

दुपारी डोळा लागेपर्यंत फोन चाळायचा, ही माझी जुनी सवय. परवा असाच एक ट्रेलर लावला. पहिली पाच सेकंदं नुसतं धडाधड आदळत होतं: गाडी, आग, एक डोळा, परत आग. मग पाटी आली, ‘ट्रेलर आता सुरू होत आहे’. म्हणजे तो ट्रेलरचा ट्रेलर होता! त्याच्याआधी टीझर येऊन गेलेला, आणि टीझर कधी येणार हे सांगायला वेगळं पोस्टर. एवढ्या दवंड्या पिटूनही मी सिनेमाला येईन याची मंडळींना खात्री नाही, हे मला फार आवडलं.

ट्रेलर खोटं बोलतो, ही माझी तक्रार नाहीच. बोलावं, पण झकास बोलावं. १९६० साली ‘सायको’च्या ट्रेलरमध्ये दिग्दर्शक हिचकॉक स्वतः सेटवर निवांत फिरतो, खुनाच्या जागा दाखवतो, ऐन वेळी विषय बदलतो आणि शेवटी बाथरूमचा पडदा ओढतो. बाई किंकाळी फोडते. सिनेमात त्या पडद्यामागे असते ती बाईही ही नव्हे, दुसरीच! फसवलं म्हणायचं तर पुरतं फसवलं, पण सिनेमातला एकही प्रसंग खर्ची घातला नाही.

आता अडीच मिनिटांत नायक प्रेमात पडतो, सगळं गमावतो, पावसात गुडघ्यांवर बसतो. मग सगळा गोंगाट थांबतो, पडदा काळा, आणि कुणाचा तरी एक विनोद. थिएटरात मग मी हिशेबनीस होऊन बसतो. पूल कोसळला, टिक. बहीण रडली, टिक. नायकाला गोळी लागते, शेजारची बाई तोंडावर हात ठेवते आणि मी ढिम्म. कारण पिवळा शर्ट घालून छतावरून पळणारा नायक अजून यायचाय. म्हणजे हा काही आत्ता मरत नाही.

ही खोड लहानपणची. थिएटरबाहेर काचेच्या चौकटीत सिनेमाचे फोटो लावलेले असत. टाचण्या गंजलेल्या, एखादा फोटो उन्हानं निळा पडलेला. तिकिटं मिळेपर्यंत मी काचेला नाक लावून त्यांची गोष्ट जुळवायचो. एका फोटोत नायक पांढऱ्या घोड्यावर होता, घोड्याचे पुढचे दोन्ही पाय हवेत. आत गेलो आणि घोड्याची वाट बघत बसलो. मध्यंतर झालं. नायकाची आई गेली, सगळं थिएटर मुसमुसत होतं आणि मी मामाला विचारलं, “घोडा कधी येणार?” “गप बस,” मामा म्हणाला. घोडा आलाच नाही. असे फोटो कधी कधी मुद्दाम वेगळे काढत, हे पुष्कळ उशिरा कळलं. त्या सिनेमाची गोष्ट मात्र मला आजही सांगता येत नाही.

म्हणून ‘फॅन’च्या खटल्याची बातमी वाचताना मी सरळ त्या मुलांच्या बाजूला गेलो. २०१६ च्या या सिनेमाच्या जाहिरातींत दणक्यात वाजलेलं गाणं सिनेमात नव्हतंच. एका शिक्षिकेची मुलं त्या रात्री जेवलीसुद्धा नाहीत, असं आईनं तक्रारीत म्हटलं होतं. राज्य ग्राहक आयोगानं भरपाई मंजूर केली, पण २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती रद्द केली: ट्रेलर म्हणजे वचन नव्हे. कायद्यानं बरोबरच असणार. पण हे अंधारात बसलेल्या पोराला कोण समजावणार?

हल्ली थिएटरात ट्रेलर लागले की मी खाली वाकून बुटाची नाडी सोडतो आणि सावकाश परत बांधतो. कान मात्र उघडेच राहतात. मागे एकदा असा वाकलेलो असतानाच एक विनोद कानावर पडला आणि मी खाली डोकं घालून खो खो हसलो. पुढे तो सिनेमाही पाहिला. विनोद येणार हे अख्ख्या थिएटरला ठाऊक होतं. तो पुरा व्हायच्या आतच लोक हसायला लागले, मीही लागलो. त्या हशात पुढचे दोन संवाद बुडाले. काय होते कोण जाणे. ट्रेलरमध्ये नव्हते.