रस्त्याच्या लांबीचं गाणं

शनिवार, रात्र

गणपती जवळ आले. शहराच्या पूर्व भागातून घरी येताना गल्लोगल्ली लेझमाचा सराव चाललेला. यंत्रमागाची खडखड आणि त्यावर हलगीचा ठेका. हलगीवाला ठेका बदलतो, पोरं डाव बदलतात. पोरं दमली की तो लय उतरवतो. हे गाणं किती वेळ चालायचं, ते रस्ता आणि अंगातली ताकद ठरवते.

बाकीच्या गाण्यांची लांबी मात्र यंत्रानं ठरवली. १९०२ साली कोलकात्यात गायिका गौहर जान यांचं ध्वनिमुद्रण झालं. तबकडीच्या एका बाजूवर मावायची जेमतेम तीन मिनिटं. तासभर फुलणारा राग तेवढ्यात बसवायचा! पण त्या आखूड तबकड्यांनी दिलंही खूप. अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकून गदगकडचा एक मुलगा गुरूच्या शोधात घराबाहेर पडला. तेच पुढे पंडित भीमसेन जोशी. १९२५च्या सुमारास मायक्रोफोनवर मुद्रण सुरू झालं आणि कर्ण्यात ओरडून गाण्याची गरज संपली. हळव्या, बारीक आवाजांना जागा मिळाली. यंत्रानं गाणं बिघडवलं, असं म्हणणं मला म्हणूनच पटत नाही.

डीजेचं तसं नाही. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या नियमांत आहे. भिंतीएवढे स्पीकर लागले की खिडकीची तावदानं थरथरतात, तान्ही पोरं दचकून उठतात. त्याहून मला खुपतं ते हे, की ट्रकसमोरच्या पोरांना काही यावंच लागत नाही. ना ठेका, ना डाव. आपल्याच मिरवणुकीत ती नुसती गर्दी होतात. लेझमात मागच्या रांगेतल्या पोराचं पाऊल चुकलं तरी सगळ्यांना कळतं, कारण तोही वाजवणाराच असतो.

आज एक ताई मोबाइलवर नवा डाव टिपत होत्या, पलीकडच्या गल्लीतल्या मुलींना पाठवायला. त्या मुली तो बघून उद्या बसवतील. यंत्राचा हा उपयोग मला फार आवडला.

उद्या मंडळाची बैठक आहे. वर्गणी देताना स्पष्ट सांगणार: डीजेच्या सुपारीचे पैसे हलगीवाल्यांना द्या, आणि दोन जोड्या ठरवा, म्हणजे एक दमली की दुसरी पुढं येईल.