बाथचा बेकफर्ड मनोरा: मुक्काम तळमजल्यावर, शहर 154 पायऱ्यांवर

इंग्लंडमधल्या बाथ शहराच्या उत्तरेला लॅन्सडाउनची टेकडी आहे. तिच्यावर 1827 साली बांधून झालेला 120 फुटी बेकफर्ड मनोरा उभा आहे आणि त्याच्या पायथ्याच्या खोल्या लँडमार्क ट्रस्ट ही संस्था सुट्टीसाठी भाड्याने देते. चौघांची सोय होते. पण बुकिंगआधी एक गोष्ट नीट समजून घ्या: राहायची जागा तळमजल्यावर आहे. अंथरुणातून शहर दिसेल असं धरून गेलात तर हिरमोड होईल, कारण भोवती दफनभूमी आहे. शहर पाहायचं तर 154 पायऱ्या चढून माथ्याच्या खोलीत, म्हणजे बेल्व्हिडियरमध्ये जायचं. वरच्या भागात संग्रहालय आहे, त्यामुळे मुक्कामाच्या दिवसांत वर कधी जाता येईल हे बुकिंग करतानाच विचारून ठेवा.

जिना दगडी आणि गोल. अशा जिन्याची पायरी आतल्या अंगाला निमुळती होत जाते, म्हणून उतरताना भिंतीच्या बाजूने उतरा. ओल्या बुटांनी तर चढूच नका. शहर दक्षिणेला, एव्हन नदीच्या खोऱ्यात आहे. हिवाळ्यात दुपारी सूर्य समोर येतो आणि सगळं धुरकट दिसतं. उतरत्या उन्हात मात्र पश्चिमेचा उजेड घरांवर तिरपा पडतो आणि तो मधाच्या रंगाचा दगड अक्षरशः उजळतो. वर जायची वेळ हीच. हवा स्वच्छ असेल तर पश्चिमेला वेल्सचे डोंगरही दिसतात.

हा दगड म्हणजे बाथ स्टोन. तासायला सोपा, मऊ चुनखडीचा दगड. सांध्यांत सिमेंट भरलं की घात होतो: आत शिरलेलं पाणी सांध्यातून सुकू शकत नाही, ते दगडातूनच वाट काढतं आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. म्हणून अशा दुरुस्तीत चुनाच हवा. आपल्याकडे जुन्या वाड्यांवर काम करणारे जाणते गवंडीही हेच सांगतात. 2019 साली हा मनोरा धोक्यातल्या वारसावास्तूंच्या यादीत गेला होता. मोठी दुरुस्ती होऊन संग्रहालय 2024 मध्ये पुन्हा उघडलं.

मनोरा बांधणाऱ्या विल्यम बेकफर्डची संपत्ती जमैकातल्या उसाच्या मळ्यांतून, गुलामांच्या कष्टांवर उभी राहिली होती. वर चढताना हे विसरू नये. त्याच्या आधीच्या वाड्याचा, फॉन्टहिल अ‍ॅबीचा, अवाढव्य मनोरा 1825 मध्ये कोसळला. तेव्हा तो वाडा त्याने विकलेला होता. इथला मनोरा मात्र वास्तुविशारद गुडरिजने टिकाऊ बांधला. बेकफर्डला इथेच पुरून घ्यायचं होतं, पण 1844 मध्ये तो गेला तेव्हा जमीन चर्चने पवित्र केलेली नव्हती. पुढे जागा विकली गेली आणि तिथे बिअरची बाग निघाली. मग मुलीने ती परत विकत घेऊन दफनभूमीसाठी दिली, तेव्हा कुठे गुलाबी ग्रॅनाइटची त्याची समाधी इथे आली. भोवतीच्या चरामुळे ती लगेच ओळखू येते.

बाथ स्पा स्टेशनपासून अंतर साधारण साडेतीन किलोमीटर, पण सगळी चढण. चाकांची बॅग ओढत जाण्यात अर्थ नाही, टॅक्सी करा. सामान टाकल्यावर लॅन्सडाउन पार्क अँड राइडची (शहराबाहेर गाडी ठेवून बसने आत जायची सोय) बस सोयीची, फक्त परतीची शेवटची बस बघून ठेवा. लँडमार्कच्या घरांत टीव्ही नसतो, वायफायही सहसा नसतं. नकाशे आणि तिकिटं आधीच मोबाइलमध्ये उतरवून घ्या. चादरी, टॉवेल, भांडीकुंडी असतात. मसाले, कढीपत्ता, हवा असेल तर छोटा कुकर आपला आपण न्यायचा. जाड दगडी भिंती गार असतात, त्यामुळे कुकरची वाफ त्यांच्यावर दवासारखी जमते. फोडणी देताना खिडकी उघडा आणि स्वयंपाकघराचं दार लावून घ्या. ओले कपडे हीटरवर वाळत घालू नका, ती ओल भिंतीतच जाते.