तुम्ही विचारलंत म्हणून: लग्नात गोडी टिकते कशी?

"लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी तुम्हा दोघांना एकमेकांचा कंटाळा कसा येत नाही?" लग्न ठरलेल्या मुली मला हे हमखास विचारतात. उत्तरात त्यांना सरप्राइज, फुलं, चिठ्ठ्या असलं काहीतरी हवं असतं. आमच्याकडे त्यातलं फारसं काही नाही.

नवरा पेपर वाचता वाचता म्हणतो, "हे बघ काय छापलंय." त्या बातमीत मला काडीचा रस नसतो. तरी हातातलं बाजूला ठेवून मी बघते. बातमी हे निमित्त. त्याला तेवढ्यापुरती मी हवी असते. अशा हाकेला ओ द्यायची, एवढं मात्र आम्ही दोघंही सांभाळतो.

जॉन गॉटमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने नेमकं हेच मोजलं होतं. नवविवाहित जोडप्यांचं आपसातलं वागणं त्याने टिपून ठेवलं आणि सहा वर्षांनी त्यांचं काय झालं ते पाहिलं. संसार टिकलेल्यांनी अशा बारीकसारीक हाकांना शंभरातल्या ८६ वेळा ओ दिली होती, घटस्फोट झालेल्यांनी ३३ वेळा. म्हणजे टिकलेल्या जोड्याही चौदा वेळा कानाडोळा करतातच की! मला तर या चौदाचाच जास्त आधार वाटतो.

दुसरं, आनंदाची बातमी. अडचणीत सगळेच धावून येतात. पण "आज साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं" यावर "बरं, मग पगार वाढवणार का?" असं आलं, की विरजण पडलंच. "काय म्हणाले नेमके? आणि मग तू?" असं विचारायला दोन मिनिटं लागतात. मानसशास्त्रज्ञ शेली गेबल आणि सहकाऱ्यांच्या २००६ सालच्या अभ्यासातही दिसलं, की जोडीदाराच्या वाईट बातमीपेक्षा चांगल्या बातमीला आपण कसा प्रतिसाद देतो, यावरून नात्याची तब्येत जास्त कळते.

मात्र घरकामाचा सगळा भार एकीवर टाकून वर तिच्या हातात फूल ठेवणं, याला मी प्रेम म्हणत नाही. तिथे आधी भांडी घासावीत.

"आणि त्याने ओ दिलीच नाही तर?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. तर मी सरळ म्हणते, "फोन ठेव, मला काहीतरी सांगायचंय." रुसून बसायचं आणि त्याने ओळखायचं, हा प्रयोग मी करून पाहिलाय. त्याला वाटलं होतं, मला झोप आलीय.