तुम्ही विचारलंत म्हणून : एका दिवसाचं कोल्हापूर

"ताई, सकाळी महालक्ष्मी एक्सप्रेसनं उतरतोय, रात्री त्याच गाडीनं परत. दिवसभरात कोल्हापूर कसं बघू?" पुण्या-मुंबईच्या ओळखीच्या माणसांकडून हा प्रश्न महिन्यातनं एकदा तरी येतोच. फोनवर मी घाईघाईत अंबाबाई, रंकाळा, न्यू पॅलेस अशी नावं सांगते आणि फोन ठेवल्यावर चुटपुट लागते, कारण खरं सांगायचं ते राहूनच जातं. म्हणून एकदा नीट लिहून ठेवते.

कोल्हापुरात पत्त्याइतकीच वेळ महत्त्वाची. इथल्या प्रत्येक पेठेला, गल्लीला आपली एक वेळ आहे. त्या वेळेला गेलात तर गाव तुमच्याशी बोलतं, नाहीतर बंद दारं आणि गर्दीच बघून परत जाल. अहो, आमच्या देवीचीसुद्धा वेळ आहे. मंदिर पश्चिमाभिमुख. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी मध्यावर, तिसऱ्या दिवशी मुखावर. किरणोत्सव म्हणतात तो हाच. ढग आले तर सगळं गाव हळहळतं.

तर तुमची गाडी सकाळी साडेसातच्या सुमारास येते. सामान ठेवा आणि उद्यमनगर गाठा. फौंड्री आणि लेथची ही वस्ती, पर्यटनाच्या यादीत कुणी घालणार नाही. पण फडतऱ्यांची मिसळ इथंच आहे. पाव मागू नका, इथं मिसळीबरोबर ब्रेडच्या स्लाइस येतात. कट दिसतो तेवढा जाळत नाही, पण पहिल्या घासाला जपून. आजूबाजूला कामावर निघालेली माणसं असतात, त्यांच्या गप्पा ऐका. आणि शेजारच्या टेबलावरची बाई उठताना "मी जातो" म्हणाली तर दचकू नका. आम्ही बायका इथं असंच बोलतो. लिहिताना मी "जाते" लिहिते, घरात मात्र "आलो, गेलो"च.

तिथून बिंदू चौक. चौकात महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे अर्धपुतळे आहेत. ते ९ डिसेंबर १९५० रोजी बसवले, म्हणजे बाबासाहेब हयात असताना. क्षणभर थांबूनच पुढं जा. मग भवानी मंडप ओलांडून खासबाग. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधून घेतलेलं हे कुस्त्यांचं मैदान सकाळी रिकामं असतं आणि तेव्हाच बघावं. वरच्या पायरीवर बसलं की कळतं, मधला आखाडा कुठूनही कसा स्वच्छ दिसतो. त्याला लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह. ऑगस्ट २०२४ मध्ये ते जळालं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. माझं पहिलं नाटक मी तिथं आजोबांच्या मांडीवर बसून पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी बघायला गेलेली म्हातारी माणसं रस्त्यात उभी राहून रडत होती. या गावात कला म्हणजे काय, हे मला त्या सकाळी दिसलं.

कलेचाच माग काढायचा असेल तर पुढं खरी कॉर्नरला जा. तिथं कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. बाबूराव पेंटरांनी १९१७ साली महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, कॅमेराही इथंच घडवला. पाटी न वाचताच लोक पुढं जातात, तुम्ही वाचा. चित्रं बघायची तर राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांचं संग्रहालय आहे. ज्यांना आपण पडद्यावर पाहिलं त्यांनी रंगाची नुसती पूड घासून किती हळुवार निसर्गचित्रं केली, ते तिथं कळतं. दसरा चौकात शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात कुणा ना कुणाचं प्रदर्शन चालू असतं. नाव ओळखीचं नसलं तरी आत जा. चित्रकार बहुधा तिथंच खुर्ची टाकून बसलेला असतो आणि त्याला बोलायला आवडतं.

बारापर्यंत कपिलतीर्थ मंडई आणि गुजरी उरकून घ्या. गुजरीत सोनं घ्यायलाच हवं असं नाही, पण कोल्हापुरी साज हातात घेऊन बघा. चंद्र, शंख, कासव, भुंगा, एकेक पान निरखून पाहिलं की हा दागिना किती कष्टाचा आहे ते समजतं. जेवायला एखादी साधी खानावळ शोधा. पांढरा रस्सा आधी प्या, गरम असतानाच. तांबडा मागाहून.

टळटळीत दुपारी टाउन हॉलचं संग्रहालय (सोमवारी बंद). पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीत सापडलेली समुद्रदेव पोसायडनची ब्राँझची छोटी मूर्ती तिथं आहे. दोन हजार वर्षांपूर्वी आमच्या नदीकाठाचा व्यापार कुठवर पोचला होता, याची ही तळहाताएवढी साक्ष. एवढी एक वस्तू बघितलीत तरी तिकीट वसूल.

आता चप्पल. तुम्ही सगळे हे विचारताच आणि इथं मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण मी स्वतः फसले आहे. कॉलेजात असताना एका दुकानातून पिवळीधमक, गोंडेदार जोडी घेतली. पहिल्या वळवात तळ फुगून उकलला, आत पुठ्ठा. ती जोडी घेऊन मी सुभाषनगरात एका कारागिराच्या दारात गेले. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि स्वतःची अर्धवट शिवलेली चप्पल माझ्या हातात दिली. म्हणाले, "वास घे बघू." बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेल्या चामड्याचा तो वास, जरा तुरट, ओल्या लाकडासारखा. मग कड दाखवली. तळाच्या दोन थरांमधून चामड्याची वादी टाक्याटाक्यानं गेलेली, खिळा एकही नाही. शेजारी त्यांच्या घरच्या काकी पट्ट्यावरची वेणी घालत होत्या, मान वर न करता.

तेव्हापासून मी हेच करते: कड बघते, वास घेते, तळ किंचित वाकवते. जोडी पायाला घट्टच घ्यावी, कारण चामडं सैल होतं. चपलेचे कान, म्हणजे बाजूच्या पट्ट्या, रुतत असतील तर रात्री तेलाचा हात फिरवून ठेवायचा. पावसात घालायची नाही. शिवाजी चौकाजवळच्या चप्पल लाईनीत दुकानं पुष्कळ आहेत. जो दुकानदार जोडी कुणी शिवली ते सांगू शकतो, त्याच्याकडे घ्या. आणि घासाघीस बेतानं करा. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे मिळून. पण ती शिवणाऱ्याच्या मानेवरचं ओझं मानांकनानं उतरलेलं नाही. दोनशे रुपये कमी केल्याचा आनंद आपण दोन दिवसांत विसरतो, त्यांना तेच दोनशे महत्त्वाचे असतात.

हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात आला असाल तर दुपारी शाहू स्टेडियमवर फुटबॉल सामना आहे का, विचारा. कुस्तीच्या गावात फुटबॉल हे पाहुण्यांना खरं वाटत नाही. पण इथं संघ तालमींचे आणि पेठांचे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ. कुठल्या पेठेचे लोक कुठल्या बाजूला बसलेत हे नुसत्या आवाजावरून कळतं.

दिवस कलला की गंगावेशीत दूध कट्ट्यावर या. म्हशी दारात उभ्या असतात, मालक तुमच्यासमोर धार काढतो आणि फेसाचा पेला हातात देतो. धारोष्ण दूध, अंगाएवढं कोमट. शेजारी तालमीतून आलेला पोरगा एका दमात पेला रिकामा करून मिशी पुसतो. प्यायला धीर होत नसेल तर नुसते उभे राहा, तो धारेचा आवाज ऐका.

गाडीला अजून वेळ असेल, तेवढ्यात खासबागेजवळ राजाभाऊंची भेळ होते. कांदा-लसूण चटणी घेतली असेल तर दोन पिशव्यांत बांधून घ्या आणि कपड्यांपासून लांब ठेवा, नाहीतर मुंबईत सगळी बॅग धुवायला काढावी लागेल. आणि गाडीत बसलात की मला फोन करा, कुठं काय राहिलं ते विचारायचंय.